गृहीतकाचा रकाना रिकामा असेल तेव्हा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण ठाण्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवता आणि यंदा प्रथमच तेथील संशोधन समितीवर आपली नेमणूक झाली आहे. आपल्यापुढे चार प्रस्ताव आले आहेत: ठाणे खाडीच्या गाळातील जड धातूंचा अभ्यास, खाडीकाठच्या आगरी-कोळी वस्त्यांमधील मासेमारीच्या शब्दांचा संग्रह, नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या कुटुंबांच्या पुढच्या पिढीच्या उपजीविकेची पाहणी आणि एका खाजगी संग्रहातील मराठी पोथीची संपादित संहिता. चारही प्रस्तावांना एकच छापील तक्ता लावून गुण द्यायचे आहेत. त्या तक्त्यात गृहीतकाला १५, नमुना-निवडीला १५ आणि अपेक्षित निष्कर्षांना १० गुण आहेत. भाषेच्या आणि पोथीच्या प्रस्तावांत गृहीतकाचा रकाना कोरा आहे. अशा कामाला संशोधन म्हणावे का, आणि म्हणायचे तर रसायनशास्त्राच्या माणसाने त्याची पारख कशी करावी, असे आपण विचारले आहे.

मी ३१ वर्षे भूगोल शिकवला. हा विषय विज्ञान आणि कला यांच्या उंबरठ्यावरच बसलेला असल्यामुळे सकाळच्या तासाला भरती-ओहोटी आणि गाळ, तर दुपारच्या तासाला वस्त्या आणि स्थलांतर, असे माझे दिवस गेले. त्यामुळे ठाणे आणि नवी मुंबईतल्या अनेक महाविद्यालयांच्या समित्यांवर ‘दोन्हीकडचे कळणाऱ्या बाई’ म्हणून मला बोलावले जाई. दोन्हीकडचे मला पुरते कळत होते असे मुळीच नाही; पण कोणत्याही शाखेचा प्रस्ताव हाती आला की त्यात एकच गोष्ट आधी शोधावी, एवढे मात्र या बैठकांनी मला शिकवले. हा अभ्यासक चुकला, तर तो चुकला हे त्याला आणि इतरांना कसे कळणार आहे? प्रत्येक विद्याशाखेने आपली चूक पकडण्याच्या स्वतःच्या रीती पिढ्यान्‌पिढ्या घडवल्या आहेत. गृहीतक मांडून प्रयोगाने ते तपासणे ही त्यांपैकी एक रीत आहे आणि ती फार समर्थ आहे, परंतु ती एकमेव नाही. आपल्या तक्त्याची अडचण अशी की तो एका शाखेची रीत सर्वांच्या गळ्यात बांधतो.

गाळाच्या प्रस्तावावर आपल्याला मी काही सांगण्याची गरज नाही. कोरा नमुना, दुहेरी मोजणी, प्रमाणित संदर्भ-पदार्थ आणि उपकरणाची शोधमर्यादा हे सगळे आपण माझ्यापेक्षा बारकाईने तपासाल. भूगोलाच्या बाजूने दोनच गोष्टी सुचवते. जड धातू बारीक चिखलाला अधिक चिकटतात आणि वाळूला कमी, म्हणून विटाव्याजवळचा चिखल आणि वाशीच्या बाजूचा जाडसर गाळ यांची थेट तुलना केली तर प्रदूषणाऐवजी कणांच्या आकाराचाच नकाशा हाती येतो; त्यासाठी बारीक कण वेगळे काढून मोजणे किंवा ॲल्युमिनियमच्या प्रमाणाशी आकडे ताडून पाहणे आवश्यक असते. शिवाय ही खाडी मुंबईच्या बंदराकडे रुंद आणि ठाण्याकडे अरुंद होत जाते, पावसाळ्यात तिची क्षारता बदलते, त्यामुळे एकाच हंगामातले नमुने पुरेसे मानू नयेत.

या प्रस्तावात गाळाचा उभा गाभा काढून शिसे-२१० या समस्थानिकाच्या साहाय्याने थरांचे वय ठरवायचे आहे, असे आपण लिहिले आहे. या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षांचे असल्यामुळे साधारण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचे थर त्याने वाचता येतात. मात्र एखाद्या थरापासून जस्त किंवा पारा वाढलेला दिसला, तर तो ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांमुळे वाढला असे म्हणण्यासाठी १९६० च्या दशकापासून तेथे कोणते उत्पादन कधी सुरू झाले आणि सांडपाणी कोठे सोडले जात होते, हे कागदपत्रांतून शोधावे लागेल. ते काम प्रयोगशाळेतले नाही, दप्तरखान्यातले आहे. ज्या प्रस्तावाला आपण निखळ विज्ञान समजतो त्याचा कणा असा इतिहासाच्या साधनांवर टेकलेला असतो, आणि प्रस्तावकर्त्याने त्याची तरतूद केली आहे का, हे पाहायला हवे.

विज्ञानातही सर्वत्र प्रयोग करता येत नाही, हे आपल्या शेजारच्याच एका संस्थेच्या इतिहासातून चांगले दिसते. नवीन पनवेल येथे भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिची परंपरा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपर्यंत जाते, जेथे १८४१ मध्ये चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेच्या प्रवाहामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नाजूक नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारण्यात आली आणि जुन्या व नव्या नोंदींचा सांधा नीट जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली. या कामामागे कोणतेही गृहीतक नव्हते. रोज नेमाने, न चुकता, त्याच पद्धतीने नोंद घेणे एवढाच त्याचा हेतू होता. आता त्याचे फळ पाहा. सप्टेंबर १८५९ मध्ये पृथ्वीवर एक प्रचंड सौर चुंबकीय वादळ आदळले, तेव्हा कुलाब्याच्या निरीक्षकांनी चुंबकीय क्षेत्रातली सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण टिपून ठेवली होती. तिचा नीट अर्थ लावणारा शोधनिबंध २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात पनवेलच्या संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग होता. म्हणजे नोंद घेणारा आणि तिचा अर्थ लावणारा यांच्यात १४४ वर्षांचे अंतर पडले. १८५९ साली त्या निरीक्षकाला आपला तक्ता भरायला दिला असता, तर ‘अपेक्षित निष्कर्ष’ या रकान्यात त्याने काय लिहिले असते?

पोथीच्या प्रस्तावाकडे मी जरा सविस्तर वळते, कारण आपली सर्वांत मोठी शंका तेथेच आहे आणि माझ्या मते आपल्याला सर्वांत ओळखीची वाटेल अशी पद्धतही तेथेच आहे. जुन्या ग्रंथाची मूळ प्रत बहुधा उपलब्ध नसते. हाती असतात त्या नकलांच्या नकला, आणि प्रत्येक नक्कलकार चुका करतो. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असतील तर त्याचा डोळा पहिल्या ओळीवरून थेट दुसरीच्या शेवटावर घसरतो आणि मधला मजकूर गळतो. अनोळखी जुना शब्द दिसला की तो त्याजागी ओळखीचा शब्द बसवतो. समासातली कोणाची तरी टीप तो मजकुरातच उतरवून टाकतो. संपादक या चुकांचा उपयोग करून घेतो. दोन पोथ्यांत एकच चमत्कारिक चूक असेल, तर त्या दोन्ही एकाच पूर्वज-प्रतीवरून उतरलेल्या असण्याचा संभव मोठा. अशा सामायिक चुका गोळा करत गेले की पोथ्यांची वंशावळ मांडता येते. विषाणूंच्या जनुकीय क्रमातल्या सामायिक उत्परिवर्तनांवरून त्यांची कुळे ठरवतात, तेव्हा हाच तर्क चालतो. सारखे बरोबर असण्यावरून नाते सिद्ध होत नाही, सारखे चुकण्यावरून होते. या दोन शाखांनी ही गोष्ट एकमेकींना न विचारता शोधून काढली.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली. ज्यांनी या कामाला शिस्त लावली ते विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकलेले होते आणि नंतर बर्लिनला जाऊन भाषाशास्त्राकडे वळले होते, हा योगायोग मला फारसा वाटत नाही. या आवृत्तीतल्या प्रत्येक पानावर वर स्वीकारलेला पाठ आणि खाली नाकारलेले सर्व पाठ, ते कोणत्या प्रतीत आहेत या खुणांसह, दिलेले आहेत. वाचकाला संपादकाचा निर्णय पटला नाही तर तो खालच्या टिपांवरून स्वतःचा निर्णय करू शकतो. आपल्या क्षेत्रात मूळ वाचने जोडपत्रात देतात, त्याचेच हे रूप.

मराठीत या जागरूकतेचा इतिहास बराच जुना आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडली तर ती अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखी होईल, असे बजावून ठेवले. नाथांनी मात्र आपण कोणत्या प्रती पाहिल्या आणि काय नाकारले याची टीप मागे ठेवली नाही. आजच्या संपादकाकडून आपण नेमकी तीच मागायची. म्हणून या प्रस्तावातला गृहीतकाचा रकाना कोरा आहे याबद्दल गुण कापू नका. वंशावळ हे त्या कामाचे फलित आहे, ते आधीच लिहून दिले असते तर मला उलट संशय आला असता. विचारायचे ते असे: या रचनेच्या आणखी किती प्रती ठाऊक आहेत आणि त्या पाहण्याची सोय काय केली आहे? ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आपल्या दारात आहे, तेथे जुन्या छापील आवृत्त्या शोधल्या का? पाठ निवडण्याचे नियम आधी लिहून ठेवले आहेत, की प्रत्येक ठिकाणी कानाला गोड वाटेल तो पाठ घेतला जाणार आहे? आणि पोथी एकच असेल, दुसरी प्रत मिळणारच नसेल, तर संपादकाने केलेली प्रत्येक दुरुस्ती वेगळी दिसेल अशी व्यवस्था आहे का?

एकच प्रत असणे हा दोष धरायचा का, याबद्दल माझ्या मनात एक जुनी बोच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या समितीपुढे एक प्रस्ताव आला होता. एका जुन्या ठाणेकर कुटुंबाकडे मोडी कागदांचे एक दप्तर होते आणि इतिहासाच्या एका तरुण अध्यापकाला त्याचे लिप्यंतर व सूची करायची होती. नमुन्याचा आकार या रकान्यात त्याने प्रामाणिकपणे ‘एक’ असे लिहिले होते. संख्याशास्त्र जाणणाऱ्या एका सदस्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवले, बैठकीत हशा पिकला आणि प्रस्ताव परत गेला. मीही तेथे होते आणि काही बोलले नाही. पुढे ते घर पुनर्विकासात गेले. दप्तराचे काय झाले ते मला कधीच कळले नाही.

त्या वेळी मला एक साधे उदाहरण द्यायला सुचायला हवे होते. १७८७ मध्ये ठाण्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७ चा, ताम्रपट सापडला आणि लगेचच कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात तो प्रसिद्ध झाला. नमुन्याचा आकार एक. पण त्या एका ताम्रपटाने दहाव्या-अकराव्या शतकातल्या कोकणच्या इतिहासाला कालगणनेची खुंटी मिळाली. अशा एकट्या पुराव्याची तपासणी संख्येने होत नाही, वेगवेगळ्या दिशांनी होते. लिपीची वळणे त्या शतकाची आहेत का, राजांची नावे व क्रम इतर लेखांशी जुळतात का, दिलेली तिथी आणि वार गणिताने एकत्र येतात का, असे प्रश्न विचारले जातात. बनावट ताम्रपट पुष्कळ सापडले आहेत आणि ते बहुधा अशा प्रश्नांपुढेच उघडे पडले आहेत. तिथी-वारांची ही पडताळणी शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्यासारख्या ज्योतिर्गणितज्ञाने फार पुढे नेली. त्यांनी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह तयार केलेली भारतीय कालगणनेची कोष्टके १८९६ मध्ये प्रसिद्ध झाली. ताम्रपट इतिहासाचा, लेखन संस्कृत भाषेचे, तपासणी खगोलगणिताची: अशा कामाला कोणत्या विद्याशाखेच्या रकान्यात बसवायचे, हे प्रश्न कार्यालयांना पडतात, काम करणाऱ्याला पडत नाहीत.

दामोदर धर्मानंद कोसंबींना तर ते कधीच पडले नसावेत. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक झालेल्या या माणसाने १९४४ मध्ये जनुकांमधील अंतर मोजण्याचे सूत्र मांडले, जे आजही त्यांच्या नावाने वापरले जाते. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. आणि प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारून पाडलेली, नाणी हजारोंच्या संख्येने तराजूवर तोलली. चलनात फिरणारे नाणे झिजते, म्हणून जास्त फिरलेल्या नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि त्यांच्या वजनांतला फरक वाढत जातो. यावरून नाण्यांच्या गटांचा कालक्रम लावता येतो, हे त्यांनी दाखवले. आपल्या प्रयोगशाळेतल्या तराजूनेही इतिहास लिहिता येतो, हे आपल्या समितीवरच्या इतिहासाच्या सहकाऱ्यांना जरूर सांगा.

आता तिसरा प्रस्ताव, प्रकल्पग्रस्तांच्या पुढच्या पिढीचा. येथे सगळे रकाने भरलेले आहेत, गृहीतक आहे, २०० कुटुंबांचा नमुना आहे, प्रश्नावली आहे. नेमक्या याच प्रस्तावावर मी सर्वांत जास्त प्रश्न विचारीन. माणसांना विचारून मिळवलेली माहिती ही गाळासारखी निमूट पडून राहिलेली नसते. विचारणारा कोण, कधी आला, काय शब्द वापरले, यांवर ती बदलते. मी स्वतः ऐन तरुणपणी खाडीपलीकडच्या एका गावात अशीच पाहणी केली होती. महाविद्यालय सुटल्यावर आम्ही दुपारी जात असू. घरी भेटत ते म्हातारे पुरुष, कारण बाया मासळी किंवा भाजी घेऊन बाजारात गेलेल्या असत. कुटुंबाच्या उत्पन्नाचे आमचे सगळे आकडे घरातला पैसा प्रत्यक्ष हाताळणाऱ्या व्यक्तीला न विचारता गोळा झाले होते. जमीन किती होती या प्रश्नावर एका आजोबांनी ‘दोन खंडीची’ असे उत्तर दिले. आमच्या छापील फॉर्मवर एकर आणि गुंठे होते. त्यांनी सांगितले ते भाताचे माप होते, म्हणजे ती जमीन त्यांच्या मनात पिकावरून मोजलेली होती, आणि आमच्या एका विद्यार्थ्याने तेथे स्वतःच्या अंदाजाने गुंठे भरून टाकले. हे मला वर्षभराने कळले, तोवर लेख छापून आला होता.

ही केवळ नवशिक्यांची चूक नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या फेरीत खाण्यापिण्यावरच्या खर्चाबद्दल गेल्या ७ दिवसांचा आणि गेल्या ३० दिवसांचा, असे दोन्ही प्रश्न त्याच कुटुंबांना एकाच वेळी विचारले गेले. त्यामुळे उत्तरे एकमेकांकडे ओढली गेली असावीत अशी शंका आली आणि त्या फेरीवरून काढलेली दारिद्र्याची घट खरी किती, यावर अर्थशास्त्रज्ञांमध्ये दीर्घ वाद झाला. मानसशास्त्रातही २०१५ मध्ये १०० प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा त्यांपैकी जेमतेम ३६ टक्के पुन्हा सांख्यिकीय कसोटीला उतरले. गृहीतक सर्वांमध्ये होते.

या प्रस्तावाला आणखी एक अंग आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १९७० ची, आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनींचा प्रश्न उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरातल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पुढे आली; त्या घरांत ‘साडेबारा टक्के’ हा शब्द आजही नुसता आकडा म्हणून उच्चारला जात नाही. त्यात हक्क, वाट पाहणे, भावाभावांतले वाद हे सगळे असते. त्यामुळे हा शब्द प्रश्नावलीत नुसता टाकला की उत्तर देणारा आपल्याला सरकारी किंवा बिल्डरचा माणूस समजण्याची शक्यता असते. अभ्यासकाने गावात आधी कोणाशी बोलणे केले आहे, मिळालेली माहिती कोणाच्या हाती जाणार हे तो सांगणार आहे का, आणि एखाद्या कुटुंबाची फाळणी-वाद यांची माहिती उघड होणार नाही याची काळजी काय घेतली आहे, हे विचारा. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात कर्करुग्णांच्या पेशींवर काम करणाऱ्याला आचारनीती समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती लागते, हे आपल्या सर्वांना मान्य असते. दुसऱ्याच्या ओसरीवर बसून त्याच्या घराची दुखरी बाजू विचारणाऱ्याला मात्र आपण नुसते वहीपेन देऊन पाठवतो.

आकडे आणि माणसे एकत्र नीट हाताळता येतात याचेही उदाहरण जवळचेच आहे. टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख स्त्रियांचा समावेश असलेली एक चाचणी चालवली. जेमतेम शालान्त शिक्षण झालेल्या आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी पातळ ॲसिटिक आम्लाच्या साहाय्याने गर्भाशयमुखाची तपासणी केली गेली, आणि तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळल्याचे २०१३ मध्ये जाहीर झाले. रसायन साधे होते. अवघड होते ते वस्तीत विश्वास मिळवणे आणि वर्षानुवर्षे त्याच घरांशी संपर्क ठेवणे. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना ही तपासणी दिली गेली नव्हती, यावर पुढे नैतिकतेच्या अंगाने वादही झाला. तो वाद वाचनीय आहे, आणि तो वैद्यकाइतकाच तत्त्वज्ञानाचा आहे.

तक्त्यातल्या इतर दोन रकान्यांबद्दल थोडेच लिहिते. प्रस्तावकर्त्याच्या पूर्वीच्या शोधनिबंधांची संख्या मोजून गुण देऊ नका. २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावरचा एक निबंध ५,१५४ लेखकांच्या नावाने प्रसिद्ध झाला, आणि पोथीचा संपादक एका आवृत्तीवर एकट्याने दहा वर्षे घालवतो. हे दोन आकडे एका स्तंभात लिहिणे हास्यास्पद आहे. मजकूर-साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा टक्काही तसाच डोळसपणे वाचावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे, पण श्रेय देऊन घेतलेली अवतरणे त्यातून वगळायची असतात. संहितेचे संपादन करणाऱ्याचा निम्मा मजकूर अवतरणांचाच असतो, त्यामुळे कच्चा टक्का पाहून कोणी दचकू नये.

मी आपल्या जागी असते तर तक्ता फाडला नसता, कारण कार्यालय दुसरा देणार नाही. गृहीतकाच्या १५ गुणांपुढे पेन्सिलीने ‘किंवा संशोधन-प्रश्न आणि चूक पकडण्याची पद्धत’ असे लिहून अध्यक्षांची सही घेतली असती. मी दोनदा अशी घेतली आहे आणि दोन्ही वेळा कोणाची हरकत आली नाही. गाळाचा प्रस्ताव मान्य करून त्यात दुसऱ्या हंगामाचे नमुने आणि कारखान्यांच्या नोंदींचा शोध घालायला सांगितले असते. पोथीचा प्रस्ताव पाठनिवडीचे नियम लेखी मागवून मान्य केला असता. उपजीविकेचा प्रस्ताव मात्र आधी २० घरांत प्रश्नावली चालवून पाहा, त्यांपैकी निम्मी घरे संध्याकाळी गाठा आणि बायांना स्वतंत्र विचारा, एवढे सांगून एकदा परत पाठवला असता.

शब्दसंग्रहाच्या प्रस्तावातही गृहीतक नाही, पण उणीव वेगळीच आहे. प्रस्तावकर्त्याने १,००० शब्द गोळा करण्याचे ठरवले आहे, आणि तेही घरी बसून मुलाखती घेऊन. आगरीत ळ चा ल आणि ण चा न होतो एवढे कोणीही दोन तासांत नोंदवील. खरी संपदा शब्द वापरला जातो त्या जागी असते. पाग हे फेकजाळे टाकताना, डोल हे प्रवाहात बांधायचे पिशवीजाळे लावताना, चिखलातल्या निवट्या माशाचे बीळ दाखवताना जे शब्द तोंडून निघतात ते ओसरीवर आठवत नाहीत, आणि उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) व भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) या दोन भरत्यांमधल्या दिवसांना कोणी काय म्हणते हे पाण्याकडे बोट दाखवल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक शब्द कोणी, कोणत्या गावात, कशाकडे पाहून सांगितला याची नोंद ध्वनिमुद्रणासह ठेवली, आणि एकाचा शब्द दुसऱ्या गावात दुसऱ्याकडून तपासून घेतला, तर ३०० शब्दांचा संग्रहसुद्धा पुष्कळ झाला. त्याला एवढेच सुचवा की होडीतून जायचे ते उधाणाच्या दिवसांत जावे, आणि बसून विचारायचे ते भांगाला. त्या दिवसांत डोल फारशी चालत नाही, माणसे जाळी विणत घरी असतात आणि शब्दाचा अर्थ दोनदा विचारला तरी चिडत नाहीत.